पावसात एवढे बेडूक दिसतात, मग संकट कसलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

आंबोली टोड हा बेडूक संकटात आहे, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "आम्ही आंबोलीचेच. पावसाळ्यात पाय ठेवायला जागा नसते इतके बेडूक असतात. उगीच बोंब मारता आणि फोटोवाल्यांची गर्दी आमच्या गावात आणता." गर्दीचं म्हणणं मला मान्य आहे. सड्यावरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरची, नेमकी जागा मी लेखात द्यायला नको होती. चुकलं माझं. तो मजकूर काढला आहे.

पण बोंब उगीच नाही. तुम्हाला दिसतात ते सगळे बेडूक एका जातीचे नाहीत. रात्री झुडपात टिकटिकतो तो वेगळा, झाडावरून तरंगत उतरणारा हिरवा वेगळा. आंबोली टोड म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला. शास्त्रीय नाव मिळालं तेच २००९ मध्ये. आंबोली आणि लगतचा थोडा परिसर सोडला, तर जगात तो कुठेच सापडलेला नाही. एखादी जात 'अतिसंकटग्रस्त' ठरवताना नुसती डोकी मोजत नाहीत. किती जागेत आहेत आणि ती जागा टिकतेय का, हेही बघतात.

कोस्टा रिकात मोंतेवेर्देच्या डोंगरात सोनेरी टोड होता, तोही फक्त तिथलाच. १९८७ मध्ये १५०० हून जास्त दिसले. १९८८ मध्ये त्याच जागी एक. १९८९ मध्ये एक. पुढे कुणालाच नाही.

आपल्या टोडची सगळी भिस्त जांभ्याच्या सड्यावर. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे 'पोटखराबा' लागतो, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. त्याच कातळावरच्या ओंजळभर पाण्याच्या खळग्यांत हा अंडी घालतो. पावसाने उघडीप दिली की खळगी आटते आणि सगळी वीण जाते, हे तर निसर्गाचंच. पण गेल्या जुलैत मी आणि माझी मुलगी अशाच एका खळगीवर वाकून तांदळाच्या दाण्याएवढे काळे बेडूकमासे बघत होतो, तेवढ्यात एक जीप सड्यावर चढली. आम्ही बाजूला झालो, चाक खळगीतून गेलं. पाणी उडालं, बेडूकमासे दगडावर वळवळत पडले. हाताला लागले तेवढे आम्ही बोटाने उचलून शेजारच्या खळगीत सोडले. बाकीचे चिरडले होते.

तुम्ही तिथे जन्म काढलाय, म्हणून विचारतो. तुमच्या लहानपणी हे पिवळ्या पट्ट्यांचे कुठल्या सड्यांवर दिसायचे, आणि आता कुठे दिसत नाहीत? जागांची नावं इथे लिहू नका, मला ईमेलवर कळवा.