"सांगितलं तर मोबाइल काढून घेतील"

गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गात बुटांचा रिकामा खोका ठेवला. मोबाइलवर कुणी त्रास दिला असेल तर नाव न घालता लिहून टाका, एवढंच मुलांना सांगितलं. चार घड्या घातलेल्या वहीच्या एका पानावर होतं, "गेममध्ये एका दादाशी ओळख झाली. आता तो फोटो मागतो. घरी सांगितलं तर मोबाइल काढून घेतील."

त्या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडाली. मुलांना जाळ्यात ओढणाऱ्यांचं सगळं याच भीतीवर चालतं. आणि पालकसभेत आम्ही शिक्षक काय सांगत आलो? मोबाइल देऊ नका.

मुलांना नीट विचारल्याशिवाय आपण उपाय ठरवतो, हे मला आता सहन होत नाही. विचारलं की काय घडतं ते आपण पाहिलंय. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा 2007 चा अहवाल आठवा. महाराष्ट्र-गोव्यासह 13 राज्यांतली 12,447 मुलं त्यात बोलली. 53.22 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. "आपल्याकडे असलं काही नसतं" हे म्हणायची सोयच उरली नाही. 2012 मध्ये पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा आला, त्यामागे या आकड्यांचं बळ होतं.

प्रयोगशाळेतलं संशोधनही हवंच. 2009 साली मायक्रोसॉफ्ट आणि संगणकतज्ज्ञ प्रा. हॅनी फरीद यांनी फोटोडीएनए हे फोटो ओळखणारं तंत्र तयार केलं. आधी सापडलेला अत्याचाराचा फोटो कुणी लहानमोठा करून, रंग बदलून पुन्हा टाकला तरी ते ओळखतं. ज्या मुलाचा तो फोटो आहे, त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट! पण काल रात्री मागून घेतलेला फोटो आधी सापडलेल्या फोटोंच्या यादीत नसतो. तिथे मूल बोललं तरच कळणार.

मुलं का बोलत नाहीत, हे युनिसेफ, इंटरपोल आणि मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध काम करणारी एकपॅट संस्था यांनी आफ्रिका आणि आग्नेय आशियातल्या 13 देशांत 12 ते 17 वर्षांच्या मुलांना विचारलं. कितीतरी मुलांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पोलिसांपर्यंत किंवा हेल्पलाइनपर्यंत फारच थोडी पोचली होती. त्रास देणारा पुष्कळदा ओळखीतलाच निघाला. त्या 13 देशांत भारत नव्हता.

2007 मध्ये आपल्या मुलांच्या हाती स्मार्टफोन नव्हते. आता तसाच देशभराचा अभ्यास पुन्हा व्हायला हवा, मुलांच्या भाषेत. आश्रमशाळेतल्या, ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या, आईबापांबरोबर एकच फोन वापरणाऱ्या मुलांनाही त्यात विचारायला हवं. पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांवरून अंदाज बांधू नका. गप्प राहिलेली मुलं त्यात येतच नाहीत.

त्या चिठ्ठीचं अक्षर कुणाचं, हे शोधत बसले नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला सांगितलं, यात तुमची काहीच चूक नाही. 1098 ही मुलांची हेल्पलाइन आणि 1930 ही सायबर गुन्ह्यांची, दोन्ही नंबर फळ्यावर लिहिले. घरच्यांशी मी स्वतः बोलेन, मोबाइल काढून घेऊ देणार नाही, असा शब्द दिला.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मूल स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभं राहिलं. संध्याकाळी त्याच्या आईवडिलांना घेऊन आम्ही पोलिसांत तक्रार दिली. मोबाइल अजून त्याच्याकडेच आहे.