‘तुझं मी बघतो’ हे लिहून कुठे ठेवलंय?

घराण्याच्या धंद्यात वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाची निष्ठा बहुतेक वेळा कंपनीवर नसतेच. ती मालकावर असते. मालकाने कधीतरी खांद्यावर हात ठेवून सांगितलेलं असतं, ‘काळजी करू नकोस, तुझं मी बघतो.’ आकडा नाही, कागद नाही. अडीअडचणीला पैसे मिळतात हेही खरं, आणि म्हणूनच पगाराबद्दल बोलायला जीभ रेटत नाही.

दरवर्षी जुन्याच पगारावर दोन-चार टक्के चढतात. नवा माणूस मात्र बाजारभावाने येतो. मग शिकवणाऱ्यापेक्षा शिकणाऱ्याचा पगार जास्त! सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही.

पुढे मुलगा किंवा मुलगी खुर्चीवर बसते. त्यांनाही काय बोलणार, तो शब्द त्यांनी दिलेलाच नसतो. त्यांना दिसतो साठीला आलेला, नवं सॉफ्टवेअर न जमणारा माणूस. कुठला ग्राहक दोनदा फोन केल्याशिवाय पैसे सोडत नाही, कुठल्या मशीनचा आवाज बदलला की ते बंद करायचं, हे त्याला पाठ असतं. सॉफ्टवेअरमध्ये त्याचा रकाना नसतो.

अमेरिकेतल्या मार्केट बास्केट या सुपरमार्केट साखळीत २०१४ साली डिमूलस घराण्यातल्या चुलतभावांच्या भांडणात आर्थर टी. यांना प्रमुखपदावरून काढलं. युनियन नसताना कर्मचारी रस्त्यावर उतरले, दुकानांत माल पोचेना, ग्राहकांनीही पाठ फिरवली. शेवटी आर्थर टी. यांनी विरोधी गटाचा ५०.५ टक्के हिस्सा दीड अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेण्याचा करार केला आणि ते परतले. लोक ही गोष्ट भारावून सांगतात. मला तिच्यात धास्तीही दिसते. एका माणसाच्या जाण्याने हजारोंच्या पायाखालची जमीन सरकत असेल, तर ती व्यवस्था कसली?

मला एकोणिसाव्या शतकातला जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे जास्त पटतो. वडील सूतगिरणीत दिवसाचे चौदा-सोळा तास राबलेले, ते त्याने लहानपणी पाहिलेलं. झाइस या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या जर्मन कारखान्यात भागीदार झाल्यावर त्याने १८८९ मध्ये प्रतिष्ठान स्थापन केलं, पुढे आपला हिस्सा त्याला देऊन टाकला. १८९६ च्या नियमावलीत पेन्शन आणि पगारी सुट्टी चक्क लिहून ठेवली. आता ते मिळायला कुणाची मर्जी सांभाळायची गरज नव्हती.

जुने लोकही काही संत नसतात, बरं का. पासवर्ड, पुरवठादारांचे नंबर, सगळं स्वतःकडे दाबून ठेवतात, नव्याला हात लावू देत नाहीत. राग येतो. पण म्हातारपणाची हमी कुठेच नसलेला माणूस हातातली माहिती इतक्या सहज का सोडेल?

तेव्हा मालकांनो, अजून तुमची सही चालते आहे तोवर बसा आणि लिहा: निवृत्ती कधी, रक्कम किती, पगार बाजाराच्या बरोबरीला कधी आणणार. आणि खाली मुलांचीही सही घ्या.