गुंठ्यात मावणारी फौज

फॅन्टसी गेममधली लढाई जिंकता येते. आपली फौज केवढी आहे हे डोळ्यांसमोर आणताना मात्र जीव जातो. त्यात खेड्यात पडद्यासमोर बसलं की मागं कोणी ना कोणी उभं असतंच. ‘कितीक मानसं हायेत बे तुह्या फौजेत?’

‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ (१९९९) घ्या. सेनेत जागा सात, प्रत्येक जागेत एकाच जातीचे प्राणी, कितीही. रणांगणावर सगळ्यांच्या वतीनं एकच गडी उभा आणि पायाशी आकडा. एक भालेकरी एका षटकोनात राहतो, ९९९ सुद्धा त्याच षटकोनात. एकटा ड्रॅगन मात्र ऐसपैस दोन अडवतो. लढाईआधी नकाशावर शत्रूचा तर नेमका आकडाही दिसत नाही. ५० ते ९९ म्हणजे ‘होर्ड’, १०० ते २४९ ‘थ्राँग’, १०००च्या पुढं सगळं ‘लीजन’. पटवाऱ्यानं अशी नोंद केली तर आख्खं गाव तहसीलवर जाईल. थ्राँग दिसला की मी २४९ धरूनच चालतो. बहुतेक गट एका फेरीत एकदाच उलटा वार करतात, म्हणून वेगळ्या जागेत ठेवलेला एकटा गडी आधी पुढं ढकलायचा. दोनशे जण मिळून त्याला झोडपतात आणि गप्प होतात. मग आपल्या मोठ्या गटानं हात धुऊन घ्यायचे.

मोजायला माझ्याकडं कपाशीचं वावर आहे. ३ बाय ३ फुटांच्या चौफुलीत एकरी ४,८४० झाडं बसतात. रांगेत दाटीनं उभ्या शिपायालाही साधारण तेवढीच जागा लागते. ‘टोटल वॉर: वॉरहॅमर’ या गेममध्ये युनिटचा, म्हणजे तुकडीचा, आकार अल्ट्रा (सगळ्यात मोठा) ठेवला की तलवारवाल्यांच्या तुकडीत १२० जण, म्हणजे १,०८० चौरस फूट. गुंठा असतो १,०८९चा! लॅपटॉप तापतो म्हणून सेटिंग लार्जवर आणलं की १२०चे ९० होतात आणि पाऊण गुंठा उरतो. घोडदळाचे अल्ट्रावरही ६० स्वारच, पण घोड्याला जागा चौपट, म्हणून दोन गुंठे. सेनेत जास्तीत जास्त २० युनिटं, त्यातलं एक सेनापतीच. सगळं पायदळ घेतलं तर १९ गुंठे आणि वर साहेब. साम्राज्यं बुडवणारी फौज अर्ध्या एकरात, धुऱ्यासकट! मागून लगेच येतं, ‘येवढ्यानं राज्य घेतलं का बे? आपल्या बजारात याहून जास्त लोकं रायतात.’

महाभारताचं अर्ध्या एकरात भागत नाही. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. नुसतं पायदळच साडेबावीस एकर. हत्तींच्या वाटेला मी जात नाही. आणि अशा अक्षौहिणी अठरा.

चालायला लागली की फौज आणखी लांबते. चौघे शेजारी, दोन रांगांत सहा फूट धरले तर माझी १९ गुंठ्यांची फौज पांदणीवर एक किलोमीटर होते. अक्षौहिणीचं पायदळ तसंच निघालं तर पन्नास किलोमीटर: पहिला शिपाई परतवाड्यात टेकतो तेव्हा शेवटचा अमरावतीत चपला शोधत असतो. गेमच्या नकाशावर मात्र सगळी सेना एका घोड्यावर बसून टपटप जाते. ‘हीरोज’मध्ये साध्या जमिनीवर पावलाला १०० चालबिंदू लागतात, दलदलीत १७५. श्रावणातल्या आमच्या काळ्या मातीला १७५ कमीच.

राहिलं पोट. ‘वॉरक्राफ्ट ३’ हा गेम निदान ते विचारतो. एका फार्मवर ६ जणांपुरतं अन्न. साध्या शिपायाला २ लागतं, घोडेस्वाराला ४. त्या फार्मवर ना बोंडअळी, ना खताची रांग. अन्नाची एकूण मर्यादा १००. पण ५० ओलांडले की खाणीतून आणलेल्या दर १० सोन्यामागं ७च हाती येतं, ८०च्या पुढं ४. म्हणून शहाणा गडी ५०वर थांबतो, खजिना भरतो आणि लढाईच्या तोंडावर एकदम भरती काढतो. दहातले तीन कशात कापले, हे मात्र मागून कोणीच विचारत नाही. मार्केट यार्डात कापूस घालून आलेली माणसं ती.