ओटीजीचा दिवा विझतो, कारण तो विझायलाच हवा

"अहो दादा, हे खरं आहे का हो?" एवढं लिहून कोपरीच्या एका काकूंनी परवा मला एक मेसेज पाठवला. तो मला त्याआधीच चार जणांकडून आला होता. 'ओटीजी वापरणाऱ्यांनी जरूर वाचा' असं त्याचं नाव. ओटीजी म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिलर एकातच असलेला विजेचा छोटा ओव्हन. त्यातले दावे असे: दिवा मध्येच विझला तर रॉड, म्हणजे आतली तापणारी सळई, गेला समजा. लवकर तापवायचा तर तापमानाचा नॉब 250 अंशांवर ठेवा. ओव्हनच्या रेडिएशनने अन्न निकस होतं. व्होल्टेज कमी असेल तर केक होणारच नाही, स्टॅबिलायझर घ्या. आणि ओव्हन लावला की घरची लाइन ट्रिप होत, म्हणजे तुटत असेल तर प्लगची जाड पिन काढून टाका. ठाण्यात नौपाड्याला मी हीच उपकरणं उघडून बसतो, म्हणून लिहितोय.

दिव्याचं आधी. तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटमध्ये दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तापली की एक धातू जास्त पसरतो, पट्टी वाकते, संपर्क तुटतो, रॉड बंद. गार झाली की पुन्हा चालू. बऱ्याच ओटीजींमध्ये दिवा या संपर्काबरोबरच लागतो आणि विझतो. विझणं म्हणजे तापमान गाठलं. रॉड खरंच गेलाय का हे मल्टिमीटर सांगतो: 230 व्होल्टवर 750 वॅट घेणाऱ्या रॉडला साधारण 70 ओहम दिसायला हवेत, तुटलेल्या रॉडला काहीच दिसत नाही. 'ओव्हन बंद पडला' म्हणून येणाऱ्यांत तर कितीतरी जणांनी टायमरच फिरवलेला नसतो. टायमर शून्यावर असेल तर बाकीचे नॉब कितीही फिरवा, रॉड तापत नाही.

याच पट्टीमुळे दुसरा दावाही पडतो. रॉड एकतर पूर्ण चालू असतो नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नाही. 180 वर ठेवा की 250 वर, 180 पर्यंत पोचायला वेळ तेवढाच. फक्त 250 वाला पुढे जातो आणि नानकटाई खालून काळी होते. घाईच असेल तर इतकंच करा, दिवा दुसऱ्यांदा विझेपर्यंत थांबा. पहिल्यांदा विझतो तेव्हा पट्टी तापलेली असते, भिंती आणि ट्रे अजून मागे असतात.

रेडिएशनबद्दल काय बोलावं! तापलेल्या रॉडमधून निघते ती उष्णता, निखाऱ्यातून निघते तीच. मायक्रोवेव्ह लहरी काढणारा मॅग्नेट्रॉन ओटीजीत नसतोच.

व्होल्टेजच्या दाव्यात अर्धं तथ्य आहे. 230 ऐवजी 200 व्होल्ट मिळाले तर रॉडची ताकद पाऊण पटीवर येते. पण थर्मोस्टॅट रॉडला तेवढा जास्त वेळ चालू ठेवतो. प्रीहीटला उशीर होतो, केक होतो. स्टॅबिलायझरचे पैसे वाचवा.

आता जाड पिन. बाकीच्या चार दाव्यांनी फार तर केक बिघडेल.

गेल्या जुलैत घोडबंदर रोडवरून एक ओव्हन आला. नाताळच्या केकनंतर माळ्यावर गेलेला, पावसाळ्यात खाली काढला, चालू करताच घरभर अंधार. कुणीतरी पकडीने पिन उपटून दिली होती, मग म्हणे 'मस्त चालला'. ओव्हनचा रॉड म्हणजे स्टीलची नळी. आत निक्रोमची तार आणि ती नळीला लागू नये म्हणून मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली. ही पूड हवेतला ओलावा शोषते. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या रॉडच्या टोकांतून ठाण्याची पावसाळी हवा आत शिरली की करंट पुडीतून नळीवर आणि तिथून पत्र्यावर झिरपतो. जाड पिन अर्थिंगची. झिरपलेला करंट ती जमिनीत नेते, घरातला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारा स्विच, तो ओळखून लाइन तोडतो. पिन काढली की करंटला वाटच उरत नाही, म्हणून ट्रिप होत नाही. पत्रा मात्र तसाच भारलेला, ओल्या हातांची वाट बघत. ज्या जुन्या घरांत नुसता एमसीबी, म्हणजे जादा करंटलाच पडणारा स्विच, आहे, तिथे तर असा करंट माणसातून गेला तरी तो पडणार नाही, त्याला इतका बारीक करंट दिसतच नाही.

मी मेगर, म्हणजे करंट झिरपतोय का ते तपासणारा मीटर, लावला, टर्मिनल ते पत्रा एक मेगाओहमसुद्धा नाही, म्हणजे गळती होतीच. रॉड काढून दुकानातल्या ओव्हनमध्ये 120 अंशांवर दिवसभर ठेवले. संध्याकाळी काटा व्यवस्थित वर गेला. नवा रॉड लागलाच नाही, फक्त तीन पिनचा नवा प्लग बसवला. आणि तो 16 अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा असं बजावलं. 1500 वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअर ओढतो, मोबाइल चार्जरच्या एक्स्टेंशन बोर्डाला ते झेपत नाही.

काकूंना मी फोनच केला. त्यांचा ओव्हन अजून माळ्यावरच आहे. म्हटलं, खाली काढाल तेव्हा आधी प्लग बघा, पिना तीन आहेत ना.