मागच्या रांगेला डोळे नाहीत

लढाईच्या खेळासाठी धातूचे चिमुकले सैनिक रंगवणाऱ्यांत घोडदळवाले सुखी असतात. बारा घोडे, तपकिरीच्या दोन-तीन छटा, एखाद्याच्या कपाळावर पांढरा ठिपका, संपलं. तोफखानावाले त्याहून सुखी. लाकूड आणि पितळ. तोफेला ना डोळे असतात ना बटणं. सेनापती तर एकटाच असतो, त्याच्यावर अख्खा रविवार उधळला तरी मन भरत नाही. पायदळ रंगवणं ही मात्र सक्तमजुरी आहे, आणि ती मी स्वतःच्या पैशांनी इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमहून मागवते. वर सीमाशुल्कही भरते.

लढाई असईची. २३ सप्टेंबर १८०३, आपल्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली भिडले. तीच लढाई ठाण्यातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर पुन्हा लढायची, २८ मिलिमीटर उंचीचे धातूचे शिपाई घेऊन, फासे टाकत आणि मोजपट्टी लावत, असा माझा आणि माझ्या दिराचा बेत. आमचं आडनाव शिंदे. त्यामुळे शिंद्यांची बाजू भावोजींनी न विचारता घेतली. घरात बाहेरून आलेली मीच, म्हणून इंग्रज माझ्याकडे.

सासूबाईंनी एकदा दोन्ही फौजांची चौकशी केली. इंग्रजांच्या पायदळात बहुतेक पलटणी मद्रासच्या, आणि शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन हा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, हे ऐकून त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "यात आपले नेमके कोण?" याचं समाधानकारक उत्तर भावोजींना अजून देता आलेलं नाही.

आमच्या नियमांत एक पलटण म्हणजे २४ शिपाई. रणांगणावर वेलस्लीकडे गोऱ्या पलटणी दोन, ७४वी आणि ७८वी हायलँडर, आणि मद्रासच्या चार. झाले १४४. मद्रासची आणखी एक पलटण त्यानं सामानसुमान राखायला मागे ठेवली होती. पुढे हा माणूस वॉटर्लू जिंकून आला असेल, पण माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सर्वांत समंजस निर्णय तोच. ती पलटण रंगवावी लागत नाही.

शिपाई पाकिटातून निघतो तेव्हा त्याच्या डाव्या कानापासून बगलेतून पोटरीपर्यंत साच्याची शिवण असते. ती बारीक कानशीनं घासायची. संगीन वाकलेली असते, ती सरळ करायची, पण फार सरळ केली तर तुटते. तुटलेली सुपरग्लूनं जोडायची. सुपरग्लू धातूला चिकटायच्या आधी बोटांना चिकटतो, आणि त्या वेळी दारावरची बेल हमखास वाजते. मग शिपायाला रंगवताना धरायला म्हणून एकेका झाकणावर तात्पुरतं चिकटवायचं. औषधाच्या बाटलीचं झाकण याला सर्वोत्तम. सासूबाईंनी खोकल्याचं औषध वेळेवर घ्यावं असा आग्रह या घरात माझ्याइतका कोणीच करत नाही. रंग वाळू नये म्हणून ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर घालून ठेवायला डबा लागतो. पोळ्यांचा डबा हल्ली पोळ्यांना मिळत नाही.

यानंतर रंग. पायदळ एकेक करून रंगवत नाहीत. चोवीसही जण ओळीनं उभे करायचे आणि पंगतीत मीठ वाढत जावं तसा एकच रंग शेवटापर्यंत वाढत जायचा. आज लाल डगले. उद्या बंदुकांचं लाकूड. परवा छातीवरचे पांढरे पट्टे. हे पट्टे कोणी शोधून काढले मला माहीत नाही, पण एका खांद्यावरून काडतुसांची पेटी आणि दुसऱ्यावरून संगिनीचं म्यान लटकवण्याऐवजी त्या माणसानं एक पिशवी दिली असती तर माझी नजर शाबूत राहिली असती. लालवर पांढरा रंग एका हातात बसत नाही. दोन हात द्यावे तर दुसऱ्या हाताला पट्टा रुंद होतो आणि डगल्यावर सांडतो. डगला पुन्हा लाल करावा तर लाल पट्ट्यावर. मद्रासच्या शिपायांचा जांघ्या पांढरा, त्याच्या काठाला निळी नक्षी. मांडी माझ्या करंगळीच्या नखाहून लहान, आणि तिला नक्षी!

७४वीच्या कॉलरी-कफ पांढरे, ७८वीचे सायीच्या रंगाचे. रंगकामाचा सगळा अभिमान इथे पणाला लागतो. नवऱ्याला चष्मा लावायला सांगून मी दोन्ही पलटणी समोर धरल्या. तो म्हणाला, "छान आहेत, पण एकच दोनदा का केलीस?" शिवाय सावल्या याव्यात म्हणून वरून तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, फिरवला की पांढऱ्याची साय आपोआप होते, रातोरात ७४वी अदृश्य होते आणि दोन ७८व्या उगवतात.

डोळ्यांचं म्हणाल तर मी धोरण ठरवलंय. पांढरा ठिपका, त्यात काळा ठिपका. काळा जरा खाली गेला तर शिपाई झोपेत चालतो, वर गेला तर त्यानं भूत पाहिलेलं असतं, आणि दोन्ही आत सरकले तर पलटण तिरळी. म्हणून डोळे फक्त पुढच्या रांगेला. मागच्या रांगेनं पुढच्याच्या पाठीवर विश्वास ठेवून चालावं.

भावोजींच्या फौजेला तर कोणालाच डोळे नाहीत. त्यांनी सगळ्यांवर काळा प्रायमर मारला आणि तिथेच थांबले. विचारलं की म्हणतात, "पहाटेची लढाई आहे वहिनी, अजून उजाडलं नाही."

पावसाळ्यात वार्निश मारायचं नाही. हवा दमट असली की मॅट वार्निश पांढरं पडतं आणि पलटण धुक्यात शिरते ती परत येत नाही. म्हणून ७४वीचा शेवटचा हात नवरात्रात, कोरडं ऊन बघून दिला आणि ती खिडकीशी ठेवली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सासूबाईंनी विळी, कात्री, नवऱ्याचा पान्हा यांच्याबरोबर पाटावर ७४वी हायलँडरही मांडली आणि रांगेनं हळद-कुंकू वाहिलं. "हातात बंदुका आहेत ना त्यांच्या? मग शस्त्रंच ती." भावोजी आले ते पाहून खवळले. शिंद्यांच्या घरात, शिंद्यांच्या तोफा कपाटात, आणि कुंकू इंग्रजांना!

आमच्या छंदात एक गोष्ट सगळे मानतात: नवी रंगवलेली पलटण पहिल्या लढाईत पळते. मी अंधश्रद्धा मानत नाही. दिवाळीच्या सुट्टीत लढाई लागली. समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसतात म्हणजे मध्ये नदी पायी ओलांडायला उतार असणार, हे वेलस्लीनं ताडलं होतं. मलाही केळणा ओलांडताना फासा चांगला पडला. मग ७४वी, प्रत्यक्षात झालं होतं तसंच, उजवीकडे असईच्या तोफांच्या तोंडी गेली. मेलेले शिपाई मागच्या रांगेतून उचलायचे असा नियम आहे, त्यामुळे आंधळे आधी गेले आणि माझे डोळे वाचले, इथवर ठीक होतं. मग धैर्याचा फासा टाकला. एक. पुन्हा टाकायची सवलत वापरली. एक. कपाळाला कुंकू लावलेली अख्खी पलटण पाठ फिरवून लोणच्याच्या बरणीपर्यंत पळत गेली, आणि काळ्या प्रायमरातली भावोजींची बिनचेहऱ्याची फौज जागच्या जागी उभी राहिली.

"दोनशे वर्षांनी का होईना," भावोजी डोळे पुसत म्हणाले. मग उदार झाले. "वहिनी, ती सामान राखणारी पलटण आणा ना आता. माझी हरकत नाही."

"ती माझ्याकडे नाही."

"इतिहासात आहे. चोवीसच तर शिपाई."

"किती झाकणं लागतील?" सासूबाईंनी विचारलं, आणि खोकून दाखवलं.