मामाचा गॅस

मागच्या महिन्यात पहाटे साडेचारला मामाच्या छातीत जळजळायला लागलं. मामीला उठवायचं सोडून त्याने मोबाइल उचलला आणि एआयला विचारलं, "गॅस झालाय, घरगुती उपाय सांग." त्याने सांगितले. थंड दूध, जिरं, डाव्या कुशीवर झोपा.

उत्तरात तसं चुकीचं काही नव्हतं. पण बारा वर्षांची शुगर, डबडबून आलेला घाम, जबड्यापर्यंत गेलेली कळ, यातलं मामाने काहीच लिहिलं नव्हतं. गॅसशी त्याचा काय संबंध! मामी पाणी प्यायला उठली, तिला भिजलेला बनियन दिसला, तिने शेजाऱ्याला गाडी काढायला लावली. ईसीजीत अटॅक निघाला. थोडक्यात वाचला.

नंतर मी त्याच ॲपवर सगळं लिहून बघितलं. वय ६१, शुगर, घाम, जबडा. पहिल्याच ओळीत उत्तर: ताबडतोब १०८ ला फोन करा.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १,२९८ सामान्य लोकांना घेऊन असंच काहीसं तपासलं होतं. आजारपणाचे प्रसंग थेट एआयला दिले तर जवळपास ९५ टक्के वेळा त्याला आजार ओळखता आला. तेच प्रसंग लोकांना देऊन त्यांना एआयशी बोलायला लावलं, तर आकडा ३५ टक्क्यांच्याही खाली! घरी थांबायचं की इमर्जन्सीत पळायचं, हे ठरवण्यात तर ते एआय न वापरणाऱ्यांपेक्षा सरस ठरलेच नाहीत.

मी एआयच्या विरोधात नाही. रात्री दोनला, दवाखाना पंचवीस किलोमीटरवर असताना माणूस विचारणार कुणाला? पण आपण लक्षणं सांगतच नाही, थेट निदान सांगतो. पित्त उठलंय, वारं लागलंय, बीपीचं असेल. आमचे जुने फॅमिली डॉक्टर म्हणायचे, "ते मी ठरवतो, तू बोट ठेव कुठे दुखतंय." यंत्राने हेच करायला हवं. पन्नाशीपुढच्या माणसाने छातीतला गॅस म्हटलं की जिऱ्याच्या आधी चार प्रश्न: घाम आहे का, दम लागतोय का, कळ कुठे जातेय, शुगर आहे का. (शुगरवाल्यांना कधी कधी छातीत दुखतसुद्धा नाही, नुसता दम लागतो.) उगाच घाबरवलं तर एक ईसीजी फुकट जाईल, जाऊ दे.

मामा आता घरी आहे, स्टेंट टाकलाय. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, "गॅसच होता रे, जरा वर चढला."