निळ्या बर्फाविषयीच्या आपल्या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात आपण सहकुटुंब वेंगुर्ल्यास आलात, आमच्याकडे शहाळ्याचे पॉट आइस्क्रीम, म्हणजे लाकडी पिंपात दांडा फिरवून केलेले आइस्क्रीम, घेतलेत आणि घरी परतल्यावर एक तारा देऊन सविस्तर अभिप्राय लिहिलात. तो आम्ही घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचला. आपल्याला बराच वेळ थांबावे लागले आणि लहान मुलांना उकाड्यात ताटकळावे लागले, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.

आइस्क्रीम मऊ आणि अर्धवट वितळलेले होते, नव्वद रुपयांच्या मानाने कप लहान होता, आजोबांच्या काळात कोकणात बर्फच नव्हता म्हणून आमची ‘परंपरा’ बनावट आहे, आणि पर्यटकांना दाखवण्यासाठी एका वृद्ध माणसाला दांडा फिरवायला बसवले आहे, असे आपण लिहिले आहे. ग्राहकाला मत असते आणि ते ऐकून घेणे हे दुकानदाराचे कामच आहे. परंतु अखेरीस आपण लिहिता की ‘बादलीत निळा, केमिकलचा बर्फ होता आणि तोच लोकांच्या पोटात घालतात’. या एका वाक्याबद्दल गप्प राहणे आम्हाला शक्य नाही, कारण ते वाचून एका लग्नघराने आमच्याकडे नोंदवलेली मागणी रद्द केली. आमचा धंदा ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंतचा असतो आणि पावसाळ्याचे चार महिने त्यावरच काढायचे असतात, त्यामुळे असे एक वाक्य आमच्यासाठी लहान नसते.

आपण पाहिलेला बर्फ निळा होता, हे अगदी खरे आहे. तो निळा आहे याचे कारण मात्र आपण समजता त्याच्या नेमके उलट आहे. खाण्यासाठी न बनवलेला बर्फ गोळ्यात, सरबतात आणि उसाच्या रसात वापरला जाऊ लागला, तेव्हा अन्नसुरक्षा यंत्रणेने असा बर्फ निळा करण्याचे बंधन घातले आणि महाराष्ट्रात ते २०१८ च्या जून महिन्यापासून लागू झाले. कारखान्यातच पाण्यात अत्यल्प प्रमाणात रंग मिसळला जातो, आणि हे रंगही अन्नात वापरण्यास परवानगी असलेल्यांपैकीच आहेत. खाण्याचा बर्फ पांढरा आणि थंड करण्याचा बर्फ निळा, हे कोणालाही लांबून ओळखता यावे, एवढाच त्यामागचा हेतू आहे. आम्हाला काही लपवायचे असते, तर निळ्या बर्फाची बादली दुकानाच्या दर्शनी भागात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर आम्ही ठेवली नसती. आमच्याकडे कोकम सरबतात घालायचा बर्फ वेगळ्या पेटीत असतो आणि तो पांढरा असतो. तो आपण पाहिला असता तर फरक तिथेच लक्षात आला असता.

पॉटमध्ये हा निळा बर्फ आइस्क्रीमला शिवतच नाही. लाकडी पिंपाच्या मधोमध धातूचा झाकणबंद डबा असतो, दूध, साखर आणि शहाळ्याची मलई त्या डब्यात असते, आणि बर्फ व जाडे मीठ डब्याच्या बाहेर, पिंपाच्या पोकळीत भरलेले असते. नुसत्या बर्फाने आइस्क्रीम होत नाही, कारण बर्फ शून्य अंशावर वितळतो आणि साखर विरघळलेले दूध गोठायला शून्याच्याही खाली दोन-तीन अंश जावे लागते. मीठ घातले की बर्फ अधिक थंड तापमानालाही वितळत राहतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या डब्यातून ओढून घेतो आणि दूध कडेकडेने गोठू लागते. मिठाचे प्रमाण नेमके साधले तर हे मिश्रण उणे एकवीस अंशांपर्यंत उतरू शकते. डब्याच्या भिंतीवर धरलेला पातळ थर डब्यातली पाती सतत खरवडत राहतात, म्हणून स्फटिक बारीक राहतात आणि आइस्क्रीम जिभेला मुलायम लागते. खारे पाणी झाकणाच्या पातळीपर्यंत चढू नये म्हणून पिंपाला वरच्या बाजूस भोक असते, आणि डबा उघडण्याआधी झाकण व कडा गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसल्या जातात. एवढे करूनही खारे पाणी आत गेले असते, तर पहिल्याच चमच्याला आपल्याला मीठ लागले असते, आणि शहाळ्याचे आइस्क्रीम पांढरे असल्यामुळे निळसर छटाही दिसली असती. आपण खारट चव आल्याचे कोठेही लिहिलेले नाही, आणि आपणच जोडलेल्या छायाचित्रात कप पांढराशुभ्र दिसतो आहे. कृपया ते छायाचित्र एकदा पुन्हा पाहावे.

हे मीठ आम्ही जवळच्या शिरोड्याच्या मिठागरांतले घेतो. १९३० साली मिठाचा सत्याग्रह जिथे झाला तेच हे शिरोडे. त्याचा उल्लेख विषयाला थोडा सोडून आहे हे आम्ही जाणतो, परंतु पिंपात पडणाऱ्या मिठाचाही आम्हाला अभिमान आहे.

आजोबांच्या काळात कोकणात बर्फ कुठून आला, ही आपली शंका रास्त आहे. बर्फ-मिठाने गोठवण्याची रीत हाताच्या पॉटपेक्षा फार जुनी आहे, आणि आपल्या देशात अकबराच्या काळी सोरा नावाच्या क्षाराने पाणी थंड करीत असल्याची नोंद ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बोस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजांतून भारतात येऊ लागला. १८३३ साली तो कलकत्त्यास उतरला आणि पुढे मुंबईतही पोहोचला. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांनी मुंबईत मेजवानीला आइस्क्रीम वाढले, त्यानंतर यजमान आणि पाहुण्यांना सर्दी झाली, आणि त्याची चर्चा वृत्तपत्रात झाली, असे सांगतात. बर्फाविषयीचा संशय आजचा नाही, म्हणूनच आपल्यावर आमचा राग नाही. दांडा फिरवायच्या पॉटचे पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ मध्ये घेतले, आणि आमच्या पडवीतल्या पॉटची मूळ रचना आजही तीच आहे.

आमच्या आजोबांनी मात्र परदेशी बर्फ कधी पाहिला नाही. मासळी टिकवण्यासाठी बर्फाच्या लाद्या बंदरावर येऊ लागल्या, त्यांतली एखादी लादी भुसा आणि गोणपाटात गुंडाळून त्यांनी घरी आणली, आणि तेथून आमचा व्यवसाय सुरू झाला. म्हणजे ज्या कारखान्याच्या बर्फाला आपण केमिकलचा म्हणालात, त्याच प्रकारच्या बर्फावर आमचे घर उभे राहिले आहे. लग्नामुंजीत आमचा पॉट जाई, वाढपी आणि यजमान दोघे मिळून दांडा फिरवीत, आणि डबा उघडला की पात्यांना लागलेले आइस्क्रीम कोणाला मिळणार यावरून मुलांची भांडणे होत.

आता मऊपणाविषयी. पॉटमधून नुकतेच काढलेले आइस्क्रीम साधारण उणे पाच-सहा अंशांचे असते आणि त्यातले जेमतेम निम्मे पाणी गोठलेले असते. पॅकेटातले आइस्क्रीम उणे अठरा अंशांच्या फ्रीजरमध्ये राहून घट्ट झालेले असते. वितळलेले आइस्क्रीम पुन्हा गोठवले, तर त्यातली हवा निघून जाते, मोठे स्फटिक धरतात आणि ते जिभेवर खरखरीत लागते. आपण तसे लिहिलेले नाही, मऊ होते असे लिहिले आहे, आणि मऊ असणे हीच ताजेपणाची खूण आहे. शिवाय, हे सांगताना संकोच वाटतो, परंतु कप टेबलावर ठेवल्यावर आपल्या मंडळींनी आधी पॉटजवळ उभे राहून व्हिडिओ काढला, आपल्यापैकी एकांनी पिंपातला निळा बर्फ हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर धरला, आणि त्यानंतर आपण कपाकडे वळलात. मे महिन्यातल्या वेंगुर्ल्यात मऊ आइस्क्रीम तेवढा वेळ थांबत नाही. मुलांना दुसरे कप देऊ का, असे माझ्या पत्नीने विचारले होते, आणि आपण नको म्हणालात.

किमतीबद्दल थोडक्यात सांगतो. कायद्याने एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम आणि दुधाची स्निग्धता किमान दहा टक्के असावी लागते. यंत्रात हवा भरून आइस्क्रीमचे आकारमान जवळजवळ दुप्पट करता येते, हाताच्या पॉटमध्ये तेवढी हवा शिरत नाही. म्हणून कप लहान दिसतो, पण हातात घेतला की जड लागतो. आमचे बरेचसे दूध आंबोली घाटाने वरून येते, आणि शहाळी पाडेली, म्हणजे माडावर चढणारा माणूस, रोजच्या रोज काढून देतो. त्याची मजुरीही त्या नव्वद रुपयांत आहे.

वृद्ध माणूस म्हणून आपण ज्यांचा उल्लेख केला आहे, ते माझे वडील आहेत. त्यांना कोणी बसवलेले नाही. विजेवर फिरणारे पॉट आमच्याकडे आहे आणि गर्दीत आम्ही तेच वापरतो, परंतु शहाळ्याचे आइस्क्रीम ते आजही स्वतः हाताने करतात, कारण मिश्रण धरत आले की दांडा जड होतो आणि थांबायचे केव्हा ते त्यांच्या हाताला कळते. आपला अभिप्राय मी त्यांना वाचून दाखवू नये असे आईचे म्हणणे होते, पण त्यांनी विचारले आणि मला खोटे बोलता आले नाही. त्यानंतर काही दिवस ते पुढच्या पडवीत न बसता मागच्या अंगणात पॉट घेऊन बसले.

बसण्याच्या जागेवर अधिक सावली करणे, गर्दीच्या दिवसांत थांबण्याचा अंदाज आधीच सांगणे आणि निळ्या बर्फाविषयी पाटी लावणे, यांबाबत आम्ही पावले उचलत आहोत. पाटीचा मजकूर ठरला आहे, बाकीचे हंगामाआधी शक्य तसे करू.

आपण दिलेला एक तारा तसाच ठेवावा, मऊपणा आणि किंमत यांविषयीचे आपले मतही तसेच राहू द्यावे. फक्त बर्फ लोकांच्या पोटात घालतात हे वाक्य आपण दुरुस्त करावे, एवढीच विनंती आहे. आमच्या अन्नसुरक्षा परवान्याची प्रत आणि बर्फाच्या कारखान्याची पावती दुकानात भिंतीवर लावलेली आहे. आपल्या ओळखीचे कोणी या बाजूला आले, तर त्यांनी ती जरूर पाहावी आणि डबा उघडताना समोर उभे राहावे.

आपला नम्र,
दुकानचालक, वेंगुर्ले